आरशाआधीचे आणि आरशानंतरचे

शनिवारी दुपारी दीड वाजता धाकटी हॉलच्या लाकडी जमिनीवर उताणी पडून छताकडे नाचाची शेवटची तीन मिनिटं मागत होती. छत द्यायला तयार नव्हतं. तिने कूस बदलली आणि भिंतीकडे मागितली. भिंतही ढिम्म.

पडायला जागा मात्र तिने नेमकी निवडली होती. हॉलच्या खाली कपडे धुण्याचं दुकान होतं आणि त्यांचं वाळवायचं मोठं यंत्र बरोबर या कोपऱ्याखाली येत असे, त्यामुळे इथली जमीन बारा महिने कोमट. पन्नास वर्षांत या वर्गात आलेल्या प्रत्येक मुलीने कधी ना कधी इथे पाठ शेकली होती, आणि आपल्याला जे काही बरं सुचलं ते इथेच सुचलं, असं मॅडम सांगत. धाकटीने सकाळपासून तीनदा शेकून घेतलं होतं. पाठ मस्त मोकळी झाली होती. सुचण्याचा मात्र पत्ता नव्हता.

मॅडम म्हणजे तिची आई. हॉलच्या जिन्याला एकवीस पायऱ्या होत्या. अठराव्या पायरीपर्यंत आई ही आई असे, एकोणिसाव्या पायरीपासून ती मॅडम. घरच्यांनासुद्धा यातून सूट नव्हती. सात वर्षांची असताना धाकटीने एकदा वर येऊन "आई, भूक लागली" म्हटलं होतं, तर तिला परत अठराव्या पायरीवर पाठवण्यात आलं. तिथून पुन्हा वर येऊन "मॅडम, भूक लागली" म्हटल्यावर खाली जायची परवानगी मिळाली.

उद्या संध्याकाळी वर्गाला पन्नास वर्षं पूर्ण होणार होती. कार्यक्रमातला शेवटचा नाच घरच्यांनीच करायचा होता. तीन आठवड्यांपूर्वी जेवणाच्या टेबलावर, म्हणजे आई असताना, मॅडमनी जाहीर केलं होतं, "शेवटचा नाच धाकटी बसवेल. शनिवारी चारला मला पूर्ण दाखवायचा. अर्धवट असला, तर ताई आपला जुना 'दोरीवरचे कपडे' करेल."

धाकटीचा घास हातातच राहिला. एक्केचाळीस वर्षांची झाली होती ती. एकोणीस वर्षं लहान मुलींना शिकवत होती, आणि या एकोणीस वर्षांत तिने शिकवलेलं प्रत्येक पाऊल मॅडमनी बसवलेलं होतं. एक नाच तिला स्वतःचा हवा होता. फार नाही, एक. तो आता झाला नाही तर पुढे कधीच होणार नाही आणि आपण जन्मभर आईचीच पावलं मोजत राहू, हे तिला आतून ठाऊक होतं. हे ती कोणाला सांगत नसे, कारण सांगायला गेलं की रडू येई.

मॅडमची एकच अट होती. जुन्या नाचातला एक तुकडा घ्यायचा, बाकीचं सगळं तुझं. धाकटीने 'पिळणं' घेतलं. ओला कपडा पिळताना अंग जसं वळतं तसं वळायचं, आधी एका बाजूला चार मात्रा, मग दुसऱ्या बाजूला चार. त्याभोवती तिने बघता बघता नऊ मिनिटं बसवली, आणि नऊ मिनिटं झकास बसली. पुढे घोडं अडलं ते अडलंच. तिने शेवट म्हणून सगळ्यांना हळूहळू खाली पडायला लावून पाहिलं, तर दातांचे डॉक्टर असलेले भाऊजी हळूहळू न पडता धाडकन पडले. सगळ्यांना थिजून उभं करून पाहिलं, तर टाळ्या वाजवायच्या की वाट बघायची हेच कळेना. खालच्या दुकानात जाऊन दोन तास बसली, तिथल्या दोन बायका चादरींच्या घड्या करत होत्या ते पाहून आनंदाने वर धावत आली, आणि प्रत्येकाच्या हातात एकेक चादर देऊन प्रेक्षकांकडे तोंड करून घड्या करायला लावल्या. चार माणसं वाऱ्याशी भांडताहेत असं दिसलं. तो शेवटही गेला. असे अकरा शेवट गेले.

जिन्यावर पावलं वाजली. चार वाजायला अजून बराच वेळ होता, पण या घरात वेळेवर येण्याची पद्धत नव्हती, एक तर कोणी फार लवकर येई नाहीतर येतच नसे.

आधी चिमणी आली, दादाची सोळा वर्षांची मुलगी. मग दादा, हातात चहाचा थर्मास. तो पियानो वाजवायचा. पियानोच्या दोन पट्ट्या बोलत नसत, म्हणून दादाने त्या दोन सुरांना वळसा घालणाऱ्या चाली करायची सवय लावून घेतली होती, आणि त्यालाच लोक त्याची शैली म्हणत. मागून ताई, आणि ताईच्या मागे भाऊजी. दिवसभर लोकांना "आ करा" सांगणारे भाऊजी नाचायला लागले की स्वतःच आ करत.

"झाला का गं शेवट?" ताईने पर्स खुंटीला लावता लावता विचारलं.

"होतोय."

"म्हणजे नाही झाला."

"म्हणजे होतोय, ताई."

"आत्या, तू पडलेली होतीस," चिमणी म्हणाली. "तुझ्या केसांना जमिनीचा भुसा लागलाय."

ताईने सरळ मुद्द्याला हात घातला. "हे बघ, मला तुझ्याशी भांडायचं नाहीये. पण उद्या तीनशे माणसं येणार आहेत. जुना नाच आपल्याला येतो. मला येतो, ह्याला वाजवता येतो. कशाला जिवाला घोर लावून घेतेस? काय रे दादा?"

दादाने थर्मासच्या झाकणात चहा ओतला. "मला जुना चालेल. हात बसलेला आहे."

"पप्पा!" चिमणी ओरडली. "परवा तर तू आत्याला म्हणालास की तिची नऊ मिनिटं म्हणजे काय ती मजा!"

"मजा आहेच. पण दहाव्या मिनिटाला मी काय वाजवू?"

"माझं मत आत्याला."

"जुन्यात मध्ये एकटीचा तुकडा आहे," ताई छताकडे बघत म्हणाली. "दीड मिनिटाचा. सोळा वर्षांच्या मुलीसाठीच आहे तो खरं तर."

चिमणीने वेणी पुढे घेतली. "तसा जुनाही वाईट नाहीये," ती म्हणाली.

"भाऊजी, तुम्ही?" धाकटीने शेवटचा आधार शोधला.

"ज्यात मला कमी पावलं आहेत, त्यात मी," भाऊजी प्रामाणिकपणे म्हणाले. "मोजली का कोणी?"

कोणीच मोजली नव्हती. एवढ्या एका कारणाने भाऊजी तटस्थ राहिले, नाहीतर धाकटी दुपारी दोनलाच हरली असती.

"चारपर्यंत तुला सुचलं तर तुझाच करू," ताई जरा नरमली. "पण तोवर मी जुना शेवट एकदा पायाखालून घालते. सगळ्यांनी उभं राहा. 'पिळणं'पासून घेऊ, ते दोन्हींत आहे."

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. धाकटीने नऊ मिनिटांत ताईला आणि स्वतःला एकदाही शेजारी उभं केलं नव्हतं. 'पिळणं' आलं की ताई आणि भाऊजी एका कोपऱ्यात, ती आणि चिमणी पार दुसऱ्या कोपऱ्यात. हे तिने मुद्दामच केलं होतं. ताई आठ वर्षांपूर्वी इथे परत आली आणि मोठ्या मुलींना शिकवायला लागली, तेव्हापासून दोघींमध्ये एकच वाद चालू होता. 'पिळणं' आधी कोणत्या बाजूला? ताई म्हणे डाव्या, धाकटी म्हणे उजव्या. सोमवार, बुधवार, शुक्रवार हॉलमध्ये मोठ्या मुली डावीकडे वळत. मंगळवार, गुरुवार, शनिवार लहान मुली उजवीकडे. जेवणाच्या टेबलावर दोघींनी चमचे उभे करून एकमेकींना पावलं दाखवली होती, एकदा तर आमटीचं भांडंही कलंडलं होतं. "आई, तूच सांग" म्हटलं, की आई म्हणायची, "जेवा."

आणि आज ताईनेच तिला शेजारी उभं केलं.

आरसा झाकलेला होता. कार्यक्रमाच्या आधी आठवडाभर आरसा झाकायचा, ही मॅडमची पद्धत. रंगमंचावर आरसा नसतो, तेव्हा मुलींनी स्वतःला बघायची सवय सोडावी. त्यासाठी खालच्या दुकानातून चार मोठ्या पांढऱ्या चादरी उसन्या येत आणि शनिवारी पाच वाजता घड्या घालून परत जात. तर आरसा झाकलेला, धाकटी डावीकडे, तिच्या शेजारी ताई, मग चिमणी, मग भाऊजी. दादाने झाकणातला चहा संपवला आणि मोजलं, "पाच, सहा, सात, आठ."

ताई पूर्ण जोर लावून डावीकडे आली. धाकटी पूर्ण जोर लावून उजवीकडे गेली. खांद्याला खांदा आणि कपाळाला कपाळ आपटून असा काही खणकन आवाज झाला, की दादाने चुकून न बोलणारी पट्टी दाबली. ताई मागे सरली ती चिमणीवर, चिमणी भाऊजींवर, आणि भाऊजींनी आधाराला जे हाती लागलं ते धरलं. ती आरशावरची चादर होती. ती अख्खी सुटून त्यांच्या डोक्यावर आली आणि चादरीच्या आतून भाऊजी म्हणाले, "मी डावीकडेच गेलो होतो, हं!"

"उलटी गेलीस!" ताई कपाळ धरून म्हणाली.

"मी उलटी? तू माझ्या अंगावर आलीस!"

"मी त्या नाचात नाचलेय! पहिल्या रांगेत! तू तेव्हा चार वर्षांची होतीस आणि खाली धुण्याच्या दुकानात टोपलीत झोपली होतीस!"

"आणि मला नंतर मॅडमनी स्वतः शिकवलं! वीस वेळा! उजवा!"

"मॅडमनी मला शिकवलं तेव्हा त्या चाळिशीच्याही नव्हत्या, त्यांना सगळं आठवत होतं!"

"म्हणजे मला शिकवताना त्या विसरल्या?"

"मी असं म्हटलं नाही."

"म्हटलंस! आत्ता म्हटलंस! दादा, म्हणाली ना?"

"मला दोघींचाही कंटाळा आलाय," दादा म्हणाला. "मी आता धाकटीच्या बाजूने आहे. तिच्या नाचात निदान तुम्ही दोघी लांब असता."

चिमणी जमिनीवर बसून चादरीतून भाऊजींना बाहेर काढत होती. "पण त्यात भांडायचं काय आहे?" ती म्हणाली. "लहान वर्गात उजवा, मोठ्या वर्गात डावा. मला वाटलं, मोठं झालं की बदलतं."

सगळे तिच्याकडे बघायला लागले.

"काय?" चिमणी म्हणाली. "मी तेराव्या वर्षी मोठ्या वर्गात गेले, मोठ्या आत्याने डावा सांगितला, मी डावा केला. सगळ्याच मुली तसं करतात. आम्हाला वाटतं तसा नियमच आहे."

धाकटीची नजर आरशावर गेली. चादर निघाल्यामुळे आरशाचा एक तुकडा उघडा पडला होता. आरसा चार तुकड्यांचा होता, बाबांनी बंद पडलेल्या एका सलूनमधून आणलेला, आणि दोन तुकड्यांच्या सांध्यावर उभं राहिलं की माणसाचं एक कोपर गायब व्हायचं. आत ताई दिसत होती, कपाळ चोळणारी, आणि शेजारी ती स्वतः, तीही कपाळ चोळणारी.

"ताई," ती हळूच म्हणाली, "तू शिकलीस तेव्हा मॅडम कुठे उभ्या राहायच्या?"

"कुठे म्हणजे? समोर. आमच्याकडे तोंड करून. त्या जसं करतील तसं आम्ही करायचं."

"आणि आरसा?"

"आरसा कुठला तेव्हा? आरसा बाबांनी नंतर आणला. मी वसतिगृहात गेले त्या वर्षी. मला तर पत्रातून कळलं..." ताई बोलता बोलता थांबली.

"मला शिकवताना त्या आमच्याकडे पाठ करून उभ्या राहायच्या," धाकटी म्हणाली. "आरशाकडे तोंड. त्यांचा उजवा, तो आमचा उजवा."

ताईने स्वतःच्या पायांकडे पाहिलं. मग समोरच्या रिकाम्या जागेकडे, जिथे सदतीस वर्षांपूर्वी मॅडम उभ्या होत्या. तिने त्या जागेकडे बोट केलं, "त्यांचा उजवा," आणि मग स्वतःकडे, "माझा डावा."

"अगं, त्या उजवाच करत होत्या!" धाकटी ओरडली. "दोन्ही वेळा!"

"आठ वर्षं!" ताई म्हणाली. "आठ वर्षं मी तुझ्याशी... आमटी सांडली होती गं!"

आणि ताईला हसू फुटलं. ताई मोठ्याने हसत नसे, ती मोठ्या मुलींची बाई होती. पण आता ती हसायला लागली ती भिंतीला धरून खालीच बसली. तिला बघून धाकटी, धाकटीला बघून चिमणी. हसून हसून तिघींची मुरकुंडी वळली. भाऊजींना नेमकं काय झालं ते कळलं नव्हतं, तरी ते सगळ्यांत जास्त हसत होते. दादाने पियानोवर डोकं टेकलं आणि सगळ्या पट्ट्या एकदम वाजल्या, बोलणाऱ्याही आणि न बोलणाऱ्याही.

"आरशाआधीचे आणि आरशानंतरचे!" दादा म्हणाला. "मी आधीचा! मीसुद्धा दहाव्या वर्षी डावा शिकलोय! म्हणूनच मी नाच सोडला असणार!"

"तुम्ही नाच सोडलात कारण तुम्ही वाईट नाचायचात," भाऊजी म्हणाले. "तसं घरात सगळे सांगतात."

"अहो, उठा आता," ताई डोळे पुसत म्हणाली. "चादरी परत द्यायच्या आहेत पाचला." आणि हसता हसताच, हाताला सवय म्हणून, तिने जमिनीवरच्या चादरीची दोन टोकं उचलली. धाकटीनेही सवयीने समोरची दोन टोकं उचलली. दोघींनी चादर ताणून झटकली. मग घडी घालायला एकमेकींकडे निघाल्या, आणि अंगात अजून 'पिळणं' भिनलेलं होतं म्हणून असेल, पाऊल टाकताना दोघीही वळल्या. ताई डावीकडे. धाकटी उजवीकडे.

या वेळी आपटल्या नाहीत. समोरासमोर असल्यामुळे दोघी एकाच बाजूला गेल्या, एकाच वेळी, आणि चादर त्यांच्यामध्ये एका सुरात कलली. चार मात्रा. मग दुसऱ्या बाजूला, चार मात्रा. मग दोघी मधोमध भेटल्या आणि ताईने आपली टोकं तिच्या हातात दिली.

खालच्या दुकानातल्या त्या दोन बायका धाकटीला आठवल्या. त्या प्रेक्षकांकडे कशाला बघतील? त्या एकमेकींकडे बघत होत्या. एकीचा उजवा म्हणजे दुसरीचा डावा, तरच घडी होते. आणि मी मूर्खासारखी चौघांना एका रांगेत उभं करून प्रेक्षकांकडे वळवत बसले, कारण ताईच्या समोर उभं राहायची मला भीती वाटत होती.

"ताई, परत," ती म्हणाली. "सोड ती चादर. नको, धर! परत धर!"

"काय झालं?"

"बोलू नकोस, नाच! तुझ्याच बाजूने! डावा! दादा!"

दादाने विचारलंच नाही. त्याची बोटं आधीच 'पिळणं'वर होती, आणि त्यातून तो काहीतरी नवीन, जरा उड्या मारणारं काढायला लागला होता. धाकटीने दुसरी चादर ओढून काढली आणि भाऊजींच्या अंगावर फेकली. "भाऊजी, तुम्ही ताईचे, तुम्ही डावा. चिमणी, तुला दोन्ही येतात, तू त्यांच्यासमोर उजवा!"

"म्हणजे माझा एकटीचा तुकडा गेला?"

"गेला!"

"बरं!" चिमणी म्हणाली, आणि तिचे डोळे चमकत होते.

पुढचा तासभर हॉलमध्ये नुसता धुमाकूळ होता. धाकटी बसवत होती, मोडत होती, परत बसवत होती. "हे हळू. नाही, हे आणखी हळू. भाऊजी, तोंड मिटा! आता पटकन! टोकं देताना तिच्याकडे बघ, चादरीकडे नको!" मोठी घडी, मग तिची अर्धी, मग पाव, दर घडीला माणसं एकमेकांच्या जवळ. दोन चादरींच्या दोन जोड्या, मग सर्वांत मोठ्या चादरीची चार टोकं चौघांच्या हातात. खाली यंत्राने फिरायला सुरुवात केली आणि जमीन गुरगुरायला लागली, तर दादाने तीही चालीत घेतली. ताई एकदाही म्हणाली नाही की हे जुन्यात नव्हतं. एकदा फक्त म्हणाली, "इथे मी जरा थांबले तर?" आणि धाकटीने थांबून पाहिलं आणि ओरडली, "ताई! हो!" आणि ताई लाजली.

तीन मिनिटं वीस सेकंद झाली. वीस सेकंद जास्त झाली, पण ती कापायची कोणाचीच तयारी नव्हती.

"मला बाहेरून बघायचंय," धाकटी म्हणाली. "माझं टोक कोणीतरी धरा."

"आम्ही तिघंच आहोत," चिमणी म्हणाली. "पप्पा वाजवतोय."

तेवढ्यात दारातून काठीचा आवाज आला. मॅडम दारात उभ्या होत्या. भिंतीवरच्या घड्याळात पावणेचार. कधीपासून उभ्या होत्या कोण जाणे, पण गुडघ्याच्या दुखण्यामुळे एकवीस पायऱ्या चढायला त्यांना बराच वेळ लागे, आणि दम मुळीच लागलेला दिसत नव्हता.

सगळे जागच्या जागी उभे राहिले. चादर चौथ्या टोकाला लोंबत होती.

"मॅडम," ताईने हिंमत केली, "तुम्हाला माहीत होतं? माझा डावा आणि हिचा उजवा?"

"दिसत होतं की."

"मग सांगितलं का नाही?"

"मला वाटलं, मुद्दाम करता," मॅडम म्हणाल्या. "एकमेकींना खिजवायला. बहिणी आहात, म्हटलं चालायचंच."

पुन्हा सगळ्यांना हसू फुटलं, पण धाकटी हसली नाही. तिचं सगळं लक्ष मॅडमच्या तोंडाकडे होतं. त्यांनी किती पाहिलं? त्यांना काय वाटलं?

मॅडमनी हॉलभर नजर फिरवली. चुरगळलेल्या चादरी, उघडा पडलेला आरसा, घामाने भिजलेले भाऊजी. मग त्या आपल्या खुर्चीकडे गेल्या. खुर्चीत बसल्या नाहीत. काठी तिला टेकवून ठेवली आणि वळल्या.

"मॅडम," त्या म्हणाल्या, "मी कुठे उभी राहू?"

हाक कोणाला मारली ते कोणालाच कळेना. चिमणीने मागे वळून दाराकडे पाहिलं. भाऊजींनीही पाहिलं. दारात कोणी नव्हतं. मग धाकटीच्या लक्षात आलं की आई तिच्याकडेच बघतेय, वाट बघतेय, नव्या मुली पहिल्या दिवशी बघतात तशी. धाकटीचे डोळे भरून आले. तिने ते तसेच राहू दिले.

"तिथे," तिने हात केला. "ताईच्या समोर."

मॅडम लंगडत गेल्या आणि ताईच्या समोर उभ्या राहिल्या, सदतीस वर्षांपूर्वी जिथे राहायच्या बरोबर तिथे. चिमणीने चादरीचं चौथं टोक त्यांच्या हातात दिलं.

"आणि कोणता पाय आधी?" मॅडमनी विचारलं.

"ताईकडे बघा," धाकटी म्हणाली, "आणि तिच्या उलटा. दादा, पहिल्यापासून. पाच, सहा, सात, आठ."